सहा नंबरच्या घराची साक्ष

मंडळी, टाळ थांबू द्या. पेटीवाले काका, सूर धरून ठेवा, पण हळू! नमन झालं, नाव घेऊन झालं. आता देवानं दिलेल्या डोक्याला थोडं काम.

एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच सुचलेलं उत्तर बहुतेक वेळा शेजाऱ्याचं असतं. प्रश्न असा — ज्या भांडणात आपलं काहीच जात नाही, त्या भांडणात आपण तोंड उघडावं का?

तिसऱ्या रांगेतल्या काकांनी मान हलवली — नाही! प्रामाणिक माणूस. बाकीच्यांनी मनातल्या मनात हलवली. 'आपल्याला काय करायचंय' हा मंत्र आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. बारशालाच कानात सांगत असावेत! याच मंत्रावर मी दोन ओळी जुळवल्यात. माझ्याच आहेत, तेव्हा चूकभूल माझ्या पदरात घाला —

शेजाऱ्याची गंजी पेटली दारात ।
हा म्हणे घरात ऊब आली ॥

हसताय? हसा! पण ऊब किती वेळ टिकते, ते आता ऐका.

गोदेकाठी एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही. त्यातले दोघंतिघं आज मंडपात बसलेले असायचे! त्या गावाच्या कडेला अकरा जणांनी मिळून सोसायटी काढली. कुणी शाळेतला शिपाई, कुणी कालव्यावरचा पाटकरी, कुणी मंडपवाला. अकरा घरं, एका ओळीत, भिंतीला भिंत लावून. ओळीच्या पूर्वेच्या टोकाला डांबरी रस्ता, पश्चिमेच्या टोकाला मारुतीचं देऊळ. एवढा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला मारुती. ठेवलात? बरं.

आता ज्या इंजिनिअरनं कागदावर घरं काढली, त्यानं नंबर टाकले रस्त्याकडून. एक, दोन, तीन... आणि अकरावं घर मारुतीशेजारी. त्याच नंबरांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्याच नंबरांनी खरेदीखतं झाली, सरकारात नोंद झाली. सगळं चोख!

मग आला घरं ताब्यात घ्यायचा दिवस. नारळ कुठं फुटणार? मारुतीपुढे! रस्त्यापुढे कोण नारळ फोडतो? नारळ फुटला, गुलाल उडाला आणि चेअरमन गुंजाळ नाना तिथूनच ओरडले, "चला, मोजा! देवाजवळचं घर एक नंबर!" झालं. एक नंबरची चिठ्ठी असलेला मारुतीशेजारच्या घरात शिरला. अकरा नंबरवाला रस्त्याकडेला गेला. दारांवर रंगानं आकडे रंगवले. नगरपालिकेचा माणूस घरपट्टी लावायला आला, त्यानं दारावरचे आकडे वाचले आणि वहीत उतरवले. बावीस वर्षं! बावीस वर्षं अकराच्या अकरा घरं कागदाच्या उलट्या बाजूनं नांदली!

अकराच्या अकरा? थांबा, चुकलो. दहा. हिशेब करा की! तुमचा नंबर बारातून वजा करा, म्हणजे कागदावरचा नंबर निघेल. एकचा अकरा. तीनचा नऊ. आणि सहाचा? बारातून सहा गेले — सहा! मधलं घर. रस्त्याकडून मोजा, मारुतीकडून मोजा, ते आपलं जिथल्या तिथं. त्या घरात कोण राहतं? ज्यांनी सगळ्यांना उलटं मोजायला लावलं, ते गुंजाळ नाना!

काय म्हणावं देवाच्या विनोदाला!

आता आठ नंबरच्या दारात चला. तिथं यमुनाबाई दहातोंडे राहतात. बालवाडीच्या बाई. वय बासष्ट. नवरा गेलेला, मुलगी सासरी. बाईंनी आयुष्यात कुणाचा एक पैसा उसना घेतला नाही. साखरसुद्धा वाटीभर आणली तर परत देताना शीग लावून द्यायच्या. एप्रिल महिना होता. अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या, बाई हातात काठी घेऊन कावळे हाकताहेत, आणि फाटकातून तीन माणसं आत शिरली. एकाच्या हातात टेप, एकाच्या हातात खळ, एकाच्या हातात कागद. बँकेचे वसुली अधिकारी!

"कोण पाहिजे?"

"सुदाम किसन वाकचौरे."

"तो होय? तो चार नंबरला. इथून सरळ मारुतीकडे जा."

"हेच चार नंबर आहे."

"अहो, दारावर आठ लिहिलंय! चष्मा आहे ना नाकावर?"

"बाई, दारावर काहीही लिहिता येतं. नकाशात रस्त्यापासून हे चौथं घर आहे. सुदाम वाकचौरे यांनी घर क्रमांक चार तारण ठेवलंय, हप्ते थकवलेत."

"मग दारावर काहीही लिहिता येतं तसं तुमच्या नकाशावरही लिहिता येतं की!"

चटाक! नोटीस दाराला चिकटली. साध्या भाषेत सांगायचं तर — हे घर आता बँकेच्या ताब्यात समजावं, यथावकाश विकलं जाईल. बाई काठी घेऊन तशाच उभ्या. इतक्यात कावळ्यानं कुरडई पळवली. त्यांना आधी त्याचाच राग आला! माणसाचं असंच असतं मंडळी, मोठं दुःख दारातून आत यायला जरा वेळ घेतं.

मग बाई निघाल्या चार नंबरकडे. सुदाम वाकचौरे कोण? तोच मंडपवाला. धंदा वाढवायला कर्ज काढलं, लागोपाठ दोन वर्षं लग्नसराई बुडाली, हप्ते थकले. वाईट माणूस नव्हे! त्याच्या दोन्ही पोरींना बाईंनीच पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलेलं. बाई म्हणाल्या, "सुदाम, तुझी नोटीस माझ्या दारावर लागलीय. चल बँकेत, त्यांना सांग, तू कोणतं घर तारण ठेवलंस ते."

सुदाम जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, माझ्या दारावर काही लागलेलं नाही. मी काय सांगणार?"

"अरे, कर्ज देताना बँकेचा माणूस घर बघायला आला होता ना? कुणाच्या घरात बसून चहा प्यायला? माझ्या का तुझ्या?"

"लई दिवस झाले बाई. आठवत नाही."

आणि दार लावून घेतलं! हळूच लावलं हो, आपटलं नाही. आतून त्याच्या आजारी आईचा आवाज आला, "कोण आहे रे?" आणि सुदाम म्हणाला, "कुणी नाही."

कुणी नाही! बालवाडीच्या बाई — कुणी नाही!

त्यानंतर बाई ज्या पायऱ्या चढल्या, त्यात एखादा गड चढून झाला असता. बँकेत गेल्या. साहेब म्हणाले, "आमच्या कागदात चार, नकाशात चार. आमची चूक दाखवा, लगेच दुरुस्त करतो." मोजणीच्या कार्यालयात गेल्या. तिथले म्हणाले, "नकाशा बरोबर आहे. माणसं चुकीच्या घरात राहत असतील तर त्याला आम्ही काय करणार?" नगरपालिकेत गेल्या. तिथं कळलं, घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. बाई म्हणाल्या, "मग बावीस वर्षं पट्टी घेताना कसं नाही सांगितलंत?" कारकून म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत."

ऐकलंत? एकही माणूस खोटं बोलला नाही बरं का! प्रत्येक जण आपल्यापुरतं खरं बोलला. आपल्यापुरत्या खऱ्यांची रास घातली आणि तिच्याखाली एक म्हातारी गाडली गेली. डोकं फिरेल नाही तर काय!

शेवटी बाईंनी वकील गाठल्या. रणशूर वकीलबाई. तिशीच्या आतल्या, चार वाक्यांचं काम एका वाक्यात करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "वसुली न्यायाधिकरणात अर्ज टाकू. या घरावर बँकेचा हक्कच नाही, असं आव्हान देऊ. पण नंबर उलटे पडलेत, हे तुमच्या एकटीच्या तोंडून चालणार नाही. सगळ्या घरांची शपथपत्रं आणा."

देवळात सभा भरली. बाईंनी कागद पुढे ठेवला, पेन ठेवलं. पेन तसंच! नऊ नंबरचा म्हणाला, "बाई, नंबर उलटे म्हटल्यावर माझंही खरेदीखत दुसऱ्याच्याच घराचं ठरतं. आमच्या पोराचं लग्न ठरतंय." दोन नंबरचा म्हणाला, "मला घर विकायचंय, आत्ता हा घोळ नको." कोणी म्हणालं, "साप निजलाय, शेपटीवर पाय कशाला?" आणि एका शहाण्यानं काय काढलं माहीत आहे? "बाईंचं घर गेलंच, तर आपण सगळे मिळून वर्गणी काढू!"

बाई उसळल्या. "वर्गणी? काय घेऊन देणार त्यात? सुदामकडून भाड्यानं तंबू?"

सुदाम खांबाआड होता. तो आणखी आड झाला.

बाई वळल्या चेअरमनकडे. "नाना, तुम्ही बोला. तुमच्या तोंडूनच मोजणी झाली होती."

गुंजाळ नाना पारावर पाय सोडून बसलेले. म्हणाले, "हे बघा यमुनाबाई, माझा सहा. इकडूनही सहा, तिकडूनही सहा. माझा यात काही संबंध येत नाही. मी तटस्थ."

तटस्थ! काय भारदस्त शब्द आहे! तट म्हणजे काठ. काठावर उभा राहणारा तो तटस्थ. बुडणाऱ्याला काठावरचा माणूस दिसला की केवढा आधार वाटतो, आणि तो म्हणतो, माझे कपडे कोरडे आहेत, माझा संबंध नाही!

कुणाचीही सही नाही. बाई एकट्याच लढल्या. दोनशे किलोमीटरवर न्यायाधिकरण. पहाटेची गाडी, डब्यात भाकरी. तिथं गेल्यावर कळायचं, आज साहेब रजेवर. पुढची तारीख. बँकेच्या वकिलाला वेळ हवा, पुढची तारीख. कागद दुसऱ्या फायलीत लागलाय, पुढची तारीख! बाईंनी बालवाडीत तीस वर्षं पोरांना 'एका वेळी एकानं बोला' शिकवलं. इथं एका वेळी एकही बोलेना!

पाचव्या तारखेला बँकेचे वकील बोलले. आणि काय बोलले! "महाराज, या बाईंना घर नाही असं कुठं आहे? यांच्या खरेदीखतात आठ नंबर. नकाशातलं आठ नंबर त्या ओळीतच आहे. आज तिथं वाकचौरे राहतात. बाईंनी तिथं जावं! कागदाप्रमाणे ज्यानं त्यानं आपापल्या घरात जावं, म्हणजे वादच संपला."

बाहेर व्हरांड्यात रणशूर वकीलबाई हळूच म्हणाल्या, "तो चिडवायला बोलला, पण बाई, कायद्यानं विचार केला तर सुदामचं घर तुम्ही मागू शकता. तुमच्यावर कर्ज नाही. तुम्हाला घराला घर मिळतं. जाईल ते सुदामचं."

मंडळी, खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? ज्यानं तुमच्या तोंडावर दार लावलं, त्याचं घर ताटात वाढून समोर आलंय! बाईंच्या मनात आलं नसेल? आलं! बाई काही दगडाच्या नव्हत्या. एसटीत बसून पाच तास त्यांनी मनातल्या मनात सुदामच्या घरात आपलं सामान लावलं. फडताळ इथं, देव तिथं. आणि अंथरुणाला खिळलेली त्याची आई? तिला कुठं हलवायचं? इथं येऊन त्यांचं सामान अडलं. गाव आलं तेव्हा बाई स्वतःवरच करवादल्या, "मला माझं घर पाहिजे. त्याचं घेऊन काय करू? मेल्याच्या स्वयंपाकघरात उजेडसुद्धा नाही!"

पण बँकेच्या वकिलाचं ते वाक्य त्यांच्याआधी सोसायटीत पोचलं होतं. आणि काय सांगू! एका संध्याकाळी दारासमोर रांग! दहा नंबरच्यानं नुकतीच फरशी बसवलेली, त्याला आता दोन नंबरमध्ये जावं लागणार. तीनवाल्यानं बोअर घेतलेलं, ते नऊवाल्याचं होणार. "बाई, कुठं सही करायची? बाई, पेन आहे का?" रांगेच्या शेवटी सुदाम. त्यालाही उमगलं होतं — कागद खरा धरला, तर गप्प बसूनही त्याचं घर बाईंचंच होतं. "बाई, मी सांगतो. बँकेचा माणूस माझ्याच घरात चहा प्यायला होता."

बाई म्हणाल्या, "आठवलं का रे? कशानं आठवलं?"

नऊ सह्या झाल्या, बाईंची दहावी. ती शपथपत्रं वकीलबाईंनी हातात घेतली, वाचली आणि टेबलावर ठेवली. "उशीर झाला," म्हणाल्या. "आता बँक म्हणेल, हे सगळे आपापलं घर वाचवायला बोलताहेत. आणि ते खरंच आहे! मला असा माणूस हवा, ज्याला या निकालानं काही मिळत नाही, ज्याचं काही जात नाही."

असा माणूस अकरा घरांत एकच होता.

यमुनाबाई सहा नंबरला गेल्या. नाना झोपाळ्यावर. "नाना, नव्वद माणसांनी आरडाओरडा केला तरी ते आता आपल्यासाठी ओरडताहेत असं धरतील. तुमच्या एका शब्दाला वजन आहे. का, तर तुम्हाला गरज नाही म्हणून!"

"मला कोर्टकचेरी नको या वयात."

"वय? मी काय पाळण्यात आहे?"

नाना झोपाळा हलवत राहिले. बाई निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "तुमच्या भिंतीला दोन्हीकडून घरं आहेत, म्हणून तुमचं घर ऊन-वाऱ्याला उभं आहे नाना. मधल्या घराला ते कळत नाही." आणि गेल्या. नाना पाया पडले, शरमले, असलं काही झालं नाही. ते नाटकात होतं.

न्यायाधिकरणात तोंडी साक्षी सहसा घेत नाहीत, सगळा कारभार शपथपत्रांवर. पण इतका उलटा-सुलटा मामला बघून साहेबांनी हुकूम काढला — सोसायटीच्या चेअरमननी ताबा देण्याचं रजिस्टर घेऊन स्वतः हजर राहावं. हुकूमच तो! नाना गेले. कडक इस्त्री, काखेत रजिस्टर. उभे राहिले आणि पहिलंच वाक्य, "साहेब, माझा यात काही संबंध नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणूनच तुम्हाला विचारतोय."

पेटीवाले काका, सूर बंद. हं.

नानांनी रजिस्टर उघडलं. बँकेचे वकील पुढे झुकले. बाई मागच्या बाकावर, मुठीत पदर. बासष्ट वर्षांच्या बाईचं अख्खं घर — भिंती, खाट, कुरडयांचं अंगण — त्या माणसाच्या ओठांवर येऊन थांबलेलं. साहेबांनी विचारलं, "ताबा दिला त्या दिवशी मोजणी कुठल्या टोकाकडून केली?"

"मारुतीकडून."

"कुणी सांगितलं?"

नानांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "मी."

"नकाशा कुणाकडे होता?"

"माझ्याच हातात होता साहेब."

"मग तुम्ही तो उलटा धरला होता का?"

"उलटा धरला नव्हता. पाहिलाच नव्हता."

मंडळी! इतके दिवस हा माणूस 'माझं काही जात नाही' म्हणत होता. जात होतं! घर नव्हे, तोरा जात होता. सगळ्यांचा चेअरमन, सगळ्यांचा शहाणा, आणि नकाशा न पाहता ओरडला! तेवढं झाकायला त्यानं तटस्थपणाची शाल पांघरली होती. आपण तटस्थ असतो तेव्हा नेमकं काय झाकत असतो, हे आपल्यालाच ठाऊक!

निकाल लागला. यमुनाबाईंच्या घरावर बँकेचा हक्क नाही, नोटीस रद्द. कर्ज देताना बँकेनं जे घर पाहिलं आणि वाकचौऱ्यांनी जे दाखवलं, तेच तारण. बँकेला काही करायचं असेल, तर पहिल्या पायरीपासून, नव्या नोटिशीनं करावं. आणि अकराही जणांनी खरेदीखतं दुरुस्त करून घ्यावीत. बाईंनी घरी येऊन दारावरची नोटीस ओल्या फडक्यानं खरवडली. खळ पक्की होती, रंगही थोडा निघाला.

संपलं आख्यान? उठू नका! आठवड्यात नवी नोटीस आली. सुदामच्या नावानं, या वेळी बरोबर घरी. पैसे भरायला साठ दिवस, नाहीतर घर. अंगणात ती हातात घेऊन सुदाम बसलेला, आतून आईची हाक, "कोण आलं होतं रे?" दहा दारं उघडी, दहा दारांत माणसं, आणि कुणी हलेना. का हलतील? त्यांची घरं वाचली होती!

यमुनाबाई आल्या. सुदाम उठून आत जाऊ लागला, म्हणाला, "बाई, बोला, काय बोलायचं ते बोला. तुमचा हक्क आहे."

"बोलायला वेळ कुणाला आहे?" बाई पायरीवर बसल्या. पिशवीतून चष्मा काढला. "आण तो कागद. या कागदांचं मला आता तुझ्यापेक्षा जास्त कळतं. साठ दिवस आहेत सुदाम. रडायला दोन ठेव, बाकीचे अठ्ठावन्न मला दे. उद्या आधी बँकेत, मग वकीलबाईंकडे."

सुदामचं घर पुढे राहिलं की गेलं, ते मी सांगणार नाही. सांगितलं, तर तुम्ही 'राहिलं' ऐकून खूश व्हाल किंवा 'गेलं' ऐकून हळहळाल, आणि दोन्हीकडून मोकळे होऊन घरी जाल! मला तुम्हाला मोकळं सोडायचं नाही.

तिसऱ्या रांगेतले काका, आता सांगा, बोलावं का? आपलं जळतं तेव्हा सगळेच ओरडतात. त्या ओरडण्याला जग 'स्वार्थ' म्हणून बाजूला सारतं. आपलं जळत नसताना जो बोलतो, त्याचंच ऐकलं जातं. तुमचं काही जात नाही ना? मग तुमच्याइतका मोलाचा साक्षीदार दुसरा नाही! देवानं तुम्हाला सुखरूप ठेवलं, ते झोपाळ्यावर बसायला नव्हे.

सुदामच्या पायरीवर पहिली यमुनाबाई जाऊन बसली. दुसरं कोण गेलं, ते मला विचारू नका. तुमच्या आळीत दुसरं कोण जाणार, ते मला सांगा!

चला, टाळ उचला. देवाच्या नावानं हात जोडा, मनापासून जोडा. आणि घरी जाताना सुटे करा. उद्या कुणाच्या तरी कागदावर सही करायला ते लागणार आहेत.